उसवलेले फूल

ॲपची चाचणी चालू असताना आपण बोलायचे नाही, हा त्या खोलीतला पहिला नियम होता. रुग्णाच्या हातात फोन द्यायचा, काय करायचे ते एकदा नीट सांगायचे आणि मग तोंडाला कुलूप लावायचे. समोरचा माणूस चुकीचे बटण दाबो, चष्मा शोधत बसो, नाहीतर वैतागून फोन पालथा घालो; "असं नाही, तसं करा" म्हणून मदतीला धावायचे नाही. उद्या हे ॲप त्याच्या घरी जाईल, तेव्हा शेजारी बसून सांगायला कोणी असणार नाही. तो जिथे अडतो तिथे फोनवरचा पडदा बदलायचा, माणूस नव्हे.

रुग्णालयाच्या तळमजल्यावरची ती लहानशी खोली. एक टेबल, दोन खुर्च्या आणि रुग्णाच्या फक्त हातांवर रोखलेला कॅमेरा. ॲपचे पडदे रचणारी बाई या नियमाच्या बाबतीत इतकी काटेकोर होती, की तिचा सहकारी तिची थट्टा करी. ॲपच्या पोटातले सगळे गणित त्याचे होते आणि त्याला सगळे दाढी म्हणत.

"तुझ्यासमोर माणूस विहिरीत पडला ना," दाढी म्हणे, "तर तू आधी त्याचा पाय कुठे घसरला ते टिपून घेशील."

"आणि मग कठडा बांधीन," ती म्हणे. "तू दोर शोधत बसशील."

तिला घरी सुई म्हणत. हे नाव तिच्या मावशीने ठेवले होते. मावशी कपडे शिवत असे. लहानपणीच आईविना झालेली ही भाची तिच्या दुकानात, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये वाढली. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोकदार. एकदा मावशीने कार्यालयात फोन केला, तो दाढीने उचलला, आणि त्या दिवसापासून ती तिथेही सुईच झाली.

ॲप होते हृदय दुबळे झालेल्या माणसांसाठी. अशा माणसाच्या शरीरात पाणी साठू लागते. धाप लागण्याआधी, पाय सुजण्याआधी, ते पाणी वजनात दिसते. म्हणून रोज सकाळी वजन करायचे आणि आकडा फोनमध्ये भरायचा. वजन अचानक चढले तर रुग्णालयातल्या सिस्टरला सूचना जाते, त्या फोन करतात, गोळी वाढवतात; आणि रुग्णवाहिकेची वेळ येत नाही. सगळा खेळ त्या एका खऱ्या आकड्याचा होता.

वजन ठीक असले की पडदा हिरवा होई आणि त्यावर एक पिवळे फूल पाकळी पाकळी करून उमले. खाली अक्षरे येत: छान, असेच चालू ठेवा. वजन चढले असेल तर पडदा लाल होई. ते फूल सुईने स्वतः काढले होते. पाकळ्या किती सावकाश उघडाव्यात यावर तिने दाढीशी वाद घातला होता. चाचणीच्या खोलीत फूल उमलताना म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर जे हसू येई, ते पाहून तिला आपल्या कामाचे सार्थक झाल्यासारखे वाटे. हृदयविभागाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनाही ते फूल इतके आवडले होते, की विश्वस्तांसमोर त्यांनी आधी फूल दाखवले आणि मग आकडे. आता काही रुग्णांच्या घरी ॲप वापरून पाहणे चालले होते. तेवढे आटोपले की येत्या आठवड्यात ते विभागाच्या सगळ्या रुग्णांना मिळणार होते.

त्या घरच्या रुग्णांत मावशीही होती. नात्यातल्या माणसाला चाचणीच्या खोलीत बसवायचे नाही, हा त्यांचा दुसरा नियम. आपला तो बाब्या म्हणणाऱ्या माणसाच्या मताला काय किंमत? पण मावशी मुळातच त्या डॉक्टरबाईंची रुग्ण होती, आणि घरी ॲप कोणाला द्यायचे हे डॉक्टरबाईंनी ठरवले होते. घरून सुई-दाढीकडे येणाऱ्या आकड्यांवर नावे नसत. त्यातले मावशीचे कोणते, हे सुईला ठाऊक नव्हते आणि तिने ते कधी शोधलेही नाही.

मावशीला मात्र हे नियम लागू नव्हते. कोट घालून बघायला आलेली बाई आरशासमोर उभी राहिली, की मावशी तोंडातल्या टाचण्या काढून आधी फोन दाखवी. "हे फूल बघितलंत? आमच्या सुईनं केलंय. मोठ्या रुग्णालयात चालतं." बाईच्या कोटाची बाही लांब राहिली तरी चालेल, फूल पाहिल्याशिवाय तिची सुटका नसे.

त्या रविवारी सुई सकाळीच मावशीकडे गेली. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत मावशीचा संसार. दोन्हींच्या मध्ये कापडाचा पडदा. मावशीने दार उघडले आणि लगेच खुर्चीचा आधार घेतला.

"एवढ्या सकाळी? भांडून आलीस की काय कोणाशी?"

"भांडायला आले. तुझ्याशी."

"मग आधी चहा घे. उपाशीपोटी भांडलं की हरतं माणूस."

मावशी चहा करायला वळली तेव्हा सुईचे लक्ष तिच्या पायांकडे गेले. मोज्याची कड घोट्याच्या वर मांसात रुतली होती. चपलेचे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेले. पडद्याआडच्या पलंगावर उशांची चळत रचलेली होती. म्हणजे रात्री आडवे पडून झोप येत नव्हती. ही सगळी लक्षणे ॲपच्या माहितीपानावर सुईनेच सोप्या शब्दांत लिहिली होती.

"मावशी, तुझं वजन काय म्हणतंय?"

"काय म्हणणार? रोज फूल. एकही दिवस चुकलेलं नाही." मावशीने अभिमानाने फोन पुढे केला. खरेच, आठवड्याच्या पट्टीवर ओळीने पिवळी फुले होती.

पाय सुजलेले आणि पडद्यावर फुले. तिने दुकानाबाहेर येऊन दाढीला फोन लावला.

"हिशोबात कुठेतरी चूक आहे. चढलेलं वजन आपण ठीक म्हणून दाखवतोय."

"सुप्रभात तुलाही," दाढी म्हणाला. पण तिचा आवाज ओळखून लगेच गंभीर झाला. बराच वेळ पलीकडून कळफलकाचा आवाज येत राहिला. "सुई, हिशोब बरोबर आहे. जो आकडा येतो त्यावर जे दाखवायचं तेच दाखवतोय. चूक असेल तर आकडा येण्याच्या अलीकडे आहे."

अलीकडे म्हणजे घरात, काट्यावर. आणि तिथे काय घडते ते कळायचा एकच मार्ग तिला येत होता. ती आत आली आणि मावशीच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

"आजचं वजन झालं का गं?"

"आत्ता करायचंय. तू बघ, कसं सराईतासारखं करते."

"कर. मी मध्ये बोलणार नाही."

"तू आणि गप्प? बघू या."

मावशी काट्यावर उभी राहिली, वाकून आकडा पाहिला, उतरली आणि फोनमध्ये भरला. पडदा लाल झाला. मावशीला त्याचे काहीच आश्चर्य वाटले नाही. देवघरातली फुले बदलावीत इतक्या सहजपणे तिने "दुरुस्त करा" हे बटण दाबले; त्याने सिस्टरकडे सूचना जाण्याआधी आकडा मागे घेता येई. मग तिने खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर टाकली. गळ्यातली मापाची टेप काढली. मनगटाला बांधलेली टाचण्यांची उशी सोडली, खिशातली मोठी कात्री बाहेर ठेवली, चष्माही काढला. पुन्हा काट्यावर. पुन्हा आकडा, चष्मा नसल्याने फार वाकून वाचलेला. पडदा लालच. मग मावशीने पायाने सरकवत काटा कापायच्या टेबलाशी नेला, त्यावर उभी राहिली आणि डाव्या हाताची बोटे टेबलाच्या कडेवर हलकेच टेकवली. जणू तोल सावरण्यासाठी. फोनमध्ये तिसऱ्यांदा आकडा गेला. पडदा हिरवा झाला आणि पाकळी पाकळी करत फूल उमलले.

"आलं बघ," मावशी म्हणाली. तिला धाप लागली होती.

सुई इतका वेळ कशी गप्प राहिली हे तिचे तिलाच माहीत. खोलीतल्या कितीतरी चाचण्यांत तिने मौन पाळले होते. पण तिथे समोर अनोळखी माणसे असत. पहिल्या लाल पडद्यालाच उठून मावशीचा हात धरावा असे तिला वाटले होते. तसे केले असते तर ना शाल दिसली असती, ना टेबलावरची बोटे.

"मावशी, बोटं टेबलावर का ठेवलीस?"

"तोल जातो."

"शाल काढल्यावरच जातो?"

मावशीने टेप पुन्हा गळ्यात घातली. आपल्या गणवेशात आल्यावर तिला बोलायला बळ आले. "हे बघ, तिकडे रुग्णालयात सगळं कळतं म्हणे. भाचीनं केलेलं यंत्र आणि मावशीच्याच घरी लाल दिवा? डॉक्टरबाई काय म्हणतील? इथे चार बायका रोज बघायला येतात. त्यांना काय लाल दाखवू? तुझ्या कामाला बट्टा लावू मी? आणि एवढं काही झालेलं नाही मला. वय झालं की पाय सुजतात."

"म्हणजे तू माझ्यासाठी फूल आणत होतीस."

"मग कोणासाठी?"

सुईने सिस्टरना फोन लावला, पहिला आकडा सांगितला, पाय आणि उशा सांगितल्या. दुपारपर्यंत मावशी डॉक्टरबाईंसमोर बसली होती. तपासून झाल्यावर त्यांनी पाणी काढणारी गोळी वाढवली आणि रागावून म्हणाल्या, "अजून थोडं थांबला असतात, तर मी तुम्हाला घरी सोडलं नसतं." मावशी निमूटपणे ऐकत होती. सुईने तिला इतके निमूट कधी पाहिले नव्हते.

परतताना रिक्षात सुईला दुकानातले जुने दिवस आठवत होते. ती टेपचे दुसरे टोक धरून उभी राही. कंबरेभोवती टेप आली की बायका श्वास रोखून पोट आत घेत. सगळ्याच घेत, अगदी सडसडीतसुद्धा. मावशी कधी त्यांना "पोट सोडा" म्हणत नसे. ती विचारी, "थोरली काय म्हणते सासरी?" बाई उत्तर द्यायला तोंड उघडी, श्वास सुटे, आणि मावशी तेवढ्यात माप घेई. मग कोट ज्याचा त्याला बसे.

"मावशी, तुझ्या गिऱ्हाइकांनी पोट आत घेतलं तर तू त्यांना खोटारड्या म्हणायचीस का?"

"छे. टेप दिसली की घेतंच माणूस." मावशी रिक्षाबाहेर पाहत राहिली. मग हळूच हसली. "म्हणजे आज मी गिऱ्हाईक झाले म्हण की."

"आणि मी तुझ्या कंबरेला टेप लावून शाबासकी देत होते."

सोमवारी सकाळी डॉक्टरबाईंच्या खोलीत अंतिम बैठक होती. रात्री नीट झोप न झालेली सुई दाराशी क्षणभर थांबली. ती जे सांगणार होती त्याने ॲप पुढे ढकलले जाणार होते, आणि विश्वस्तांपुढे डॉक्टरबाईंना शब्द मागे घ्यावा लागणार होता. ते फूल तिचेच, त्याचे कौतुक करणारी भाषणेही तिचीच.

"ॲप या आठवड्यात द्यायचं नाही," ती बसताच म्हणाली, आणि काय पाहिले ते सांगितले.

डॉक्टरबाई ऐकत होत्या. "तुमच्या मावशींचं वाईट वाटतं. पण त्या एकट्या. तुमच्या मायेपोटी त्यांनी ते केलं. बाकीच्यांना काय तुमची माया?"

"मलाही तसंच वाटत होतं, म्हणून याला विचारलं." तिने दाढीकडे पाहिले.

दाढीने आपला संगणक त्यांच्याकडे वळवला. "दुरुस्त करा हे बटण आम्ही ठेवलं ते बोट घसरतं म्हणून. घसरलेलं बोट कधी जास्त दाबेल, कधी कमी. म्हणजे दुरुस्ती निम्म्या वेळा वर जायला हवी, निम्म्या वेळा खाली." त्याने बोटाने रेघ दाखवली. "सगळ्या घरांतल्या दुरुस्त्या बघा. वर जवळजवळ नाहीच. सगळे खालीच येतात, आणि फूल आलं की थांबतात."

डॉक्टरबाई त्या रेघेकडे पाहत राहिल्या; त्यांना तिच्यामागची माणसे दिसत असावीत.

"पण लोकांना फूल आवडतं असं तुम्हीच मला सांगितलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. आवाजात राग कमी, थकवा जास्त होता.

"हो. आवडलं, म्हणूनच हे झालं. खोलीत आम्ही आकडा कागदावर लिहून देत होतो, तो भरता येतो का एवढंच बघत होतो. स्वतःचा आकडा भरताना माणसाला काय वाटतं, ते बघितलंच नाही. चूक रचनेची आहे, डॉक्टर. रचना माझी आहे. ती मी उसवते."

"आणि माझ्या विश्वस्तांना काय सांगू?"

"सांगा की कोट कापण्याआधी माप तपासलं," सुई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "शिंप्याच्या घरची आहात हे कळतं," त्या म्हणाल्या. त्याच दुपारी घरी ॲप वापरणाऱ्या प्रत्येकाला सिस्टरांचा फोन गेला: वजन शाल-कात्रीसकट सांगा, कोणी रागावणार नाही. त्यातल्या काहींना लगेच तपासायला बोलवावे लागले.

फूल काढायला सुईला एक दुपार पुरली. फुलाच्या जागी काय ठेवायचे यात मात्र बरेच आठवडे गेले. लाल गेला, हिरवाही गेला. वजन उतरो वा चढो, पडद्याचा रंग एकच, सकाळच्या उजेडासारखा फिका. पहिला आकडा जपून ठेवायचा. दुरुस्ती करता येईल, पण पहिला आकडाही सिस्टरना दिसेल, आणि हे रुग्णाला आधीच सांगायचे. वजन चढले तर काय लिहावे यावर तिचे आणि दाढीचे मोठेच भांडण झाले.

"'धोका' लिही," दाढीचे म्हणणे. "घाबरला की ऐकतो माणूस."

"घाबरला की शाल काढतो," सुई म्हणाली.

शेवटी चारच ओळी राहिल्या. शरीरात पाणी साठत असावे. यात तुमची चूक नाही. आकडा कळवलात, बरे झाले. सिस्टर आज फोन करतील.

आता चाचण्या रुग्णांच्या घरी होऊ लागल्या, त्यांच्याच काट्यावर, त्यांच्याच आकड्यांनी. निवृत्त बसचालक असलेल्या एका आजोबांच्या घरी सुई दाढीसोबत कोपऱ्यात गप्प बसली होती. आजोबा कोट-बुटांसकट काट्यावर चढले, आकडा भरला आणि चार ओळी मोठ्याने वाचल्या. काट्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलेसुद्धा नाही. "पाणी साठलंय म्हणे," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले. "सिस्टरचा फोन येईल. मी घरातच आहे गं." आणि वर्तमानपत्र उघडून बसले. कोणाच्याही चेहऱ्यावर हसू उमलले नव्हते, आणि सुईला वाटले की आपल्या हातून इतके चांगले काम आजवर झाले नव्हते. बाहेर जिन्यात आल्यावर दाढीने तिच्यापुढे हात धरला. त्यावर तिने टाळी दिली, आणि वर दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा दोघे पोरांसारखे पळाले.

ॲप सगळ्या रुग्णांना मिळाले त्या सकाळी सुई मावशीच्या दुकानात होती. एक गिऱ्हाईकबाई अर्धा शिवलेला कोट अंगावर घालून आरशासमोर उभी होती.

"त्या नव्या पडद्याबद्दल सांगायचंय," मावशी म्हणाली. "अक्षर बारीक आहे. आणि चष्मा लावून वाचायला आधी चष्मा शोधायला लागतो, त्याचं काय?"

सुई तिच्याकडे बघतच राहिली. पहिलीतल्या चित्रापासून आजवर मावशीने तिच्या कोणत्याही कामाला नाव ठेवले नव्हते.

"अजून?"

"अजून सापडलं की सांगेन. तुला काय घाई?"

मावशी गळ्यात टेप, खिशात कात्री अशीच काट्यावर चढली. काटा टेबलापासून दूर, खोलीच्या मधोमध होता. आकडा किंचित चढला होता. तिने तो भरला, हात लांब करून चार ओळी वाचल्या आणि मशीनवर जाऊन बसली. थोड्या वेळाने फोन वाजला.

"हो, सिस्टर, वाढलंय," मावशी ठणकावून म्हणाली, एखाद्या बक्षिसाबद्दल सांगावे तशी. "खरंच वाढलंय. कुठेही हात न टेकता. काल संध्याकाळी खारट खाल्लं, तेही लिहून घ्या."

फोन ठेवून मावशी तोंडात टाचण्या धरून कोटाशी आली, तेव्हा गिऱ्हाईकबाईने आरशातून विचारले, "मावशी, ते फूल कुठे गेलं हो? छान होतं."

"काढलं."

"कोणी?"

मावशीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. हे सांगताना तिला तोंड मोकळे हवे होते.

"आमच्या सुईनं. लावलं होतं तिनंच, उसवलं तिनंच. सगळ्यांना आवडत असताना उसवलं." तिने बाईच्या कंबरेभोवती टेप टाकली. "सोडा श्वास. आणि मला सांगा, थोरली काय म्हणते?"